लायन्सचं रॉकीग्रास: छोट्या गावातला उन्हाळी महोत्सव आणि स्वतःच्या जिवावर गाणारी माणसं

सुरपेटी

मंडळी, परवा रविवारी रात्री लायन्सहून घरी आले, तंबू अजून ओलाच आहे, गॅरेजमध्ये दोरीवर वाळत टाकलाय आणि कानातनं मॅन्डोलिन काही जात नाहीये, म्हणून बाकीच्या कामांना हात लावायच्या आधी हे लिहून टाकते.

लायन्स म्हणजे कोलोरॅडोतलं जेमतेम दोन-सव्वादोन हजार वस्तीचं गाव, आमच्या लाँगमाँटपासून गाडीने वीस मिनिटं. सेंट व्रेन नदीचे उत्तरेचा आणि दक्षिणेचा असे दोन फाटे इथे एकत्र येतात, मागे लाल दगडाचे कडे आहेत, आणि एरवी एस्टेस पार्कला डोंगर बघायला जाणारे लोक इथे कॉफी घेतात आणि पुढे निघून जातात. पण जुलैच्या शेवटी इथे रॉकीग्रास भरतं. तीन दिवस, नदीच्या काठी, मोकळ्या कुरणावर. 1973 साली सुरू झालेला हा ब्लूग्रासचा, म्हणजे तारवाद्यांवरच्या अमेरिकन लोकसंगीताचा महोत्सव (आधी दुसरीकडे व्हायचा, मग लायन्सला आला), सुरुवातीला बिल मन्रो स्वतः त्यात होते, म्हणजे ज्यांच्या ब्लू ग्रास बॉइज या बँडच्या नावावरनं अख्ख्या संगीतप्रकाराला नाव पडलं ते. मॅन्डोलिन, फिडल (म्हणजे व्हायोलिनच), पाच तारांचा बॅन्जो, गिटार, डोब्रो (आडवी धरून वाजवायची गिटार) आणि उभा बास (खर्जातलं माणसाएवढं तारवाद्य), एवढंच. ड्रम नाहीत. मग ठेका कोण धरतं, तर मॅन्डोलिनवाला. तारा दाबून, छेडून, लगेच सैल सोडायच्या, त्याने 'चक्' असा कोरडा आवाज निघतो, आणि तो पडतो बासच्या मात्रेच्या बरोबर मधे. आमच्या आजोबांच्या भजनी मंडळात पखवाजवाले कधी आले नाहीत की टाळकरीच सगळा डोलारा सांभाळायचे, मला पहिल्यांदा ऐकताना तेच आठवलं.

मोठ्या स्टेजवर नावाजलेले लोक असतातच, त्यांच्याबद्दल इंटरनेटवर भरपूर मिळेल. मला लिहायचंय ते त्यांच्याबद्दल ज्यांच्यामागे कंपनी नाही, मॅनेजर नाही, स्वतःची गाणी स्वतः रेकॉर्ड करतात, स्वतःच गाडी चालवत येतात आणि तंबूत नाहीतर गाडीतच झोपतात. इथे बँडची स्पर्धा असते, शिवाय फिडल, बॅन्जो, मॅन्डोलिन अशा एकेका वाद्याच्या स्पर्धा असतात. बँडची स्पर्धा जिंकली तर पुढच्या वर्षी मोठ्या स्टेजवर बोलावणं. स्टीप कॅनियन रेंजर्स 2001 साली इथेच जिंकले आणि 2013 मध्ये त्यांना ग्रॅमी मिळालं. टेल्युराइडला, म्हणजे याच आयोजकांच्या जूनमधल्या दुसऱ्या महोत्सवाला, ग्रीनस्काय ब्लूग्रास 2006 मध्ये जिंकले होते, आज त्यांच्या तिकिटाला रांगा असतात. पण जिंकणारा एकच असतो हो, बाकीच्यांचं काय होतं हे मी गेली काही वर्षं बघतेय.

आमच्या शेजारच्या तंबूत यंदा एक जोडपं होतं, कॅन्ससच्या बाजूचं, तो गिटार ती फिडल. स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाहेर पडले. मला वाटलं आता सामान बांधून निघतील. त्याऐवजी त्यांनी दोन घडीच्या खुर्च्या रस्त्याकडे तोंड करून मांडल्या, फिडलची पेटी उघडी ठेवली, तिच्या झाकणाला आतनं कापडाच्या दोरीने सीड्या अडकवलेल्या, आणि वाजवायला सुरुवात केली. अर्ध्या तासात तिथे अकरा जण जमले होते, त्यातला एक संध्याकाळी मोठ्या स्टेजवर वाजवणारा बासवाला, हे मला नंतर कळलं. त्या रात्री त्यांना दोन घरगुती मैफिलींची आमंत्रणं मिळाली, एक फोर्ट कॉलिन्सला, एक वायोमिंगमध्ये. ती मला सकाळी कॉफी पिताना म्हणाली की स्टेज मिळालं असतं तर वीस मिनिटं मिळाली असती, इथे तीन रात्री मिळाल्या.

आता गोल करून बसण्याबद्दल, कारण खरी गंमत तिथेच आहे. याला तिथे 'जॅम' किंवा 'पिकिंग सर्कल' म्हणतात. रात्री मुख्य स्टेज बंद झालं की तंबूतंबूंच्या मधे असे गोल जमतात, पहाटेपर्यंत. नियम कुठे लिहिलेले नाहीत पण पक्के आहेत. ज्याने गाणं काढलं तो पट्टी सांगणार. गाणारा गात असताना बाकीच्यांनी खाली राहायचं. मग तो नजरेने नाहीतर हनुवटीने शेजाऱ्याला खूण करतो, त्याने एक फेरी वाजवायची, नको असेल तर मान हलवायची, पुढचा घेतो. बास एकच. बॅन्जो शक्यतो एका वेळी एकच. गाणं येत नसेल तर मागच्या रांगेत उभं राहून हळू वाजवा, कुणी काही म्हणत नाही. आणि संपवायचं कसं, तर काढणारा एक पाय पुढे उचलतो. पाय वर गेला की ही शेवटची फेरी हे वीस माणसांना एकदम कळतं.

तीन वर्षांपूर्वी मी पेटी घेऊन गेले होते. भीतभीतच, कारण पेटी या वाद्यांमध्ये बसत नाही आणि इथले जुने लोक वाद्यांच्या बाबतीत कडक असतात. एका म्हाताऱ्या मॅन्डोलिनवाल्याला विचारलं की बसू का. तो म्हणाला बस, पण आधी दोन गाणी नुसती ऐक. ऐकली. त्यांचा जी म्हणजे आपली पांढरी पाच, ए म्हणजे पांढरी सहा, एवढं डोक्यात पक्कं केलं आणि पहिल्या गाण्यात नुसता षड्ज-पंचम धरला. तिसऱ्या गाण्यात कोमल निषाद सारखा येत होता, बाकी सगळं शुद्ध, म्हणजे सरळसरळ खमाजचे स्वर, आणि मग मला हनुवटीची खूण आली. एक फेरी वाजवली. ती संपल्यावर त्याने मान डोलावली, त्याच्यापुढे मला दुसरी दाद नको होती.

विचारायचं असं होतं की आपल्याकडे, किंवा तुम्ही जिथे राहता तिथे, लहान गावच्या उन्हाळी जत्रेत-महोत्सवात अशा स्वतंत्र कलाकाराचं कसं चालतं? पैसे कसे मिळतात, झोपायची सोय, साउंड, सगळं सांगा.


डफली_कराड

सुरपेटीताई, वाचताना मजा आली. एक शंका. आमच्याकडे 'बेंजो' म्हटलं की बटणं दाबून वाजवायचं ते, वरातीत आणि गणपतीत असतं, बेंजो पार्टी. तुम्ही म्हणता तो पाच तारांचा वेगळाच ना?


सुरपेटी

हो दादा, पूर्ण वेगळा. आपला बेंजो म्हणजे बुलबुलतरंग, मूळ जपानी वाद्य आहे, ताइशोगोतो, 1912 च्या सुमारास नागोयात तयार झालं, आपल्याकडे आलं आणि आपण त्याला पिकअप (वाद्याचा आवाज स्पीकरकडे नेणारं यंत्र) लावून पार रस्त्यावर आणलं. इकडचा बॅन्जो म्हणजे डफासारखं कातड्याने मढवलेलं गोल अंग आणि लांब दांडी. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी तो इकडे घडवला, हे इथले लोक आता मोकळेपणाने बोलतात, आधी फारसं बोलत नसत. अंगठा आणि दोन बोटं, तिन्हीत नख्या घालून वाजवतात, ही पद्धत अर्ल स्क्रग्ज 1945 च्या शेवटी मन्रोंच्या बँडमध्ये आल्यावर सगळीकडे पसरली.


जुन्नरकर

ताई, तुम्ही उन्हाळी जत्रेचं विचारलंत तर आमच्या भागातलं सांगतो. आमचं गाव नारायणगावपासून जवळ. गुढीपाडव्याच्या आसपास नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक फडाची राहुटी, बाहेर बोर्ड, आत सतरंजी आणि तारखांची वही. गावोगावच्या यात्रा कमिट्यांची माणसं येतात, चैत्र-वैशाखातल्या यात्रेची तारीख सांगतात, घासाघीस होते, सुपारी ठरते आणि विसार दिला की तारीख पक्की. मी आमच्या गावच्या कमिटीबरोबर सहा-सात वेळा गेलोय. विसार दिल्याशिवाय फडमालक वहीत नाव लिहीत नाही, आणि एकदा लिहिलं की दुसऱ्या गावाने दुप्पट दिले तरी तारीख फिरवत नाही. दसऱ्याला सुरू झालेला हंगाम बुद्धपौर्णिमेच्या सुमारास उतरतो, त्यातले हे दोन महिने म्हणजे वर्षाची कमाई.

2020 आणि 2021 दोन्ही वर्षं लागोपाठ यात्रा भरल्याच नाहीत. ढोलकीवाले, पेटीवाले शेतमजुरीला गेले, काहींनी वाद्यं विकली. आमच्या ओळखीच्या एका ढोलकीवाल्याने पुढच्या वर्षी उसनी ढोलकी घेऊन हंगाम केला. तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांसारख्या, राष्ट्रपतींच्या हस्ते दोनदा गौरव झालेल्या कलावतीच्या गावात ही परिस्थिती, हे मला फार लागतं.

आणि दुसरं म्हणजे दहाची मर्यादा. रात्री दहानंतर भोंगे बंद, सरकार वर्षातल्या मोजक्या दिवसांना बारापर्यंत सूट देतं ती बहुतेक नवरात्र-गणपतीतच संपते. नियम चांगल्यासाठी आहे, आजारी माणूस, परीक्षेची पोरं, सगळं मान्य. पण गणगवळण, बतावणी, वग असा खेळ पूर्वी उजाडेपर्यंत चालायचा, तो आता अडीच-तीन तासांत कोंबावा लागतो. त्यात कापलं जातं ते गाणंच.


शिट्टी

मी पुण्यात राहतो, स्वतः लिहितो, स्वतः गातो, मराठीत. गिटार, एक कहोन (पेटीवर बसून हाताने वाजवायचं तालवाद्य) वाजवणारा मित्र आणि मी. गेली सात वर्षं हेच करतोय, दिवसा नोकरी आहे.

जुन्नरकर काका, तुमची वही आणि विसार वाचून मला अक्षरशः हेवा वाटला, कारण आमच्या 'इंडी', म्हणजे स्वतंत्र कलाकारांच्या जगात ही शिस्तच नाहीये. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एका थंड हवेच्या गावी महोत्सव होता, नाव लिहीत नाही. फोनवर मानधन ठरलं, येण्याजाण्याचा खर्च वेगळा असं ठरलं. आम्ही गेलो, दुपारी एकचा स्लॉट होता, कनाती तापून आत भट्टी झालेली, समोर चौदा माणसं, मोजली होती. वाजवलं. नंतर आयोजकांचा फोन लागेना, आठवड्याने उत्तर आलं की यंदा तिकिटं कमी गेली पण तुम्हाला एक्स्पोजर मिळालं, पुढच्या वर्षी नक्की बघू. गाडीभाडं, पेट्रोल, जेवण सगळं आमच्या खिशातनं गेलं. पैशापेक्षा जास्त लागलं ते हे की तंबूवाल्याला, केटरिंगवाल्याला, जनरेटरवाल्याला पैसे मिळाले होते. फक्त गाणाऱ्यांनाच नाही.

तेव्हापासून मी काय करतो ते लिहितो, नव्यांना उपयोग होईल. निम्मे पैसे आधी, तारीख त्यानंतरच धरायची. उरलेले स्टेजवर चढायच्या आधी. सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्यायचं, फोनवर ठरलं तरी लगेच मेसेज टाकायचा की 'आपलं असं असं ठरलं' आणि समोरच्याचं 'हो' आलं पाहिजे. ओळखीतलं असलं तरी. ओळखीतलं असलं तर जास्तच. फुकट वाजवायचंच असेल तर ते आपण ठरवून वाजवायचं, शाळेसाठी, गावाच्या वाचनालयासाठी, मी वाजवतो. पण जिथे तिकीट लावलंय तिथे फुकट नाही.

आणि ऑनलाइनवर पोट भरतं असं कुणाला वाटत असेल तर 2024 पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याला वर्षभरात 1000 स्ट्रीम नाहीत त्याला रॉयल्टी शून्य. माझी निम्मी गाणी त्या रेषेखाली आहेत. बँडकँपवर, म्हणजे कलाकाराकडून थेट गाणी विकत घ्यायच्या साइटवर, कुणी अल्बम विकत घेतला तर ते डिजिटलवर 15 टक्के ठेवतात, पेमेंटचा खर्च जाऊन बाकीचं माझं, आणि बँडकँप फ्रायडेला, म्हणजे त्यांच्या ठरावीक शुक्रवारी, तर तो वाटाही सोडतात. म्हणजे एका माणसाने एकदा अल्बम घेणं हे मला हजारो स्ट्रीमपेक्षा जास्त. स्वतःची गाणी असतील तर आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासदत्वही घ्या, बरेच जण कंटाळा करतात.


सुरपेटी

शिट्टी, हे वाचून खूप वाईट वाटलं आणि रागही आला. तुम्ही दुपारचा एकचा स्लॉट म्हणालात ना, तेच मला इथे सगळ्यात जास्त दिसतं. नवख्यांना नेहमी उन्हातला स्लॉट. लायन्सलाही सकाळी अकरा-बाराला वाजवणारे असतात आणि बरेचसे लोक तेव्हा नदीत टायरच्या ट्यूबवर तरंगत असतात. पण एक चांगली पद्धत इथे बघितली, जुने येणारे लोक ठरवून त्या वेळेला पुढे येऊन बसतात. टोप्या घालून, ओला टॉवेल मानेवर टाकून. माझ्या शेजारच्या आजी पंचाहत्तरीच्या असतील, त्या म्हणाल्या, रात्रीच्या बँडला माझी गरज नाही, याला आहे. मी तेव्हापासून पहिला स्लॉट चुकवत नाही.


कावेरी_डेन्व्हर

प्रश्न वेगळा आहे पण इथेच विचारते. माझा नवरा तबला वाजवतो, चांगला वाजवतो, एच-1बीवर, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर आहे. इथल्या एका बँडने त्याला उन्हाळी कार्यक्रमासाठी विचारलंय, थोडे पैसे देणार आहेत. घ्यावेत का?


सुरपेटी

कावेरी, पैसे घेऊ नका. एच-1बीवर ज्या कंपनीने अर्ज केलाय तिच्यासाठीच काम करता येतं, दुसऱ्याकडून मानधन घेतलं की ते परवानगीशिवायचं काम धरलं जातं आणि ग्रीनकार्डाच्या वेळी नडू शकतं. रोख दिले, भेट म्हणून दिले, तरी तेच. बँडला पैसे मिळतात आणि हा एकटा फुकट वाजवतो असं असलं तरी वकिलाला विचारूनच करा. कॅम्पमध्ये गोलात बसून हौसेने वाजवायला काहीच हरकत नाही, तिथे कुणी कुणाला पैसे देत नाही. मीसुद्धा ग्रीनकार्ड येईपर्यंत फक्त गोलातच वाजवलं. आणि नवऱ्याला सांगा, या हवेत तबला जपा, इथे हवा इतकी कोरडी की गिटारीच्या पेटीतसुद्धा लोक ओलसर स्पंज ठेवतात नाहीतर लाकूड तडकतं.


साउंडवाला_सांगली

वीस वर्षं साउंड करतोय, यात्रा, ऑर्केस्ट्रा, कॉलेजं, सगळं. स्वतंत्र कलाकारांना माझी हात जोडून विनंती, येताना एक कागद आणा. त्यावर कोण कुठे उभं राहणार, कुणाला किती माइक, कुणाचं वाद्य थेट लाइनवर, एवढं लिहा. आमच्या भाषेत स्टेज प्लॉट आणि इनपुट लिस्ट. शिकलेली पोरंसुद्धा आणत नाहीत आणि मग अर्धा साउंडचेक 'दादा इथे एक माइक द्या ना' यात जातो. गिटारला पिकअप असेल तर स्वतःचा डीआय बॉक्स (गिटार मिक्सरला नीट जोडणारी डबी) आणा, नवा सेल आणा. सेल सगळ्यात जास्त दगा देतो.

दुसरं, मे महिन्यात ढोलकी-तबला उन्हात ठेवू नका, पान ताणून सूर चढतो आणि स्टेजवर पंख्याखाली आला की उतरतो. तासभर आधी स्टेजच्या सावलीत आणून ठेवा. पेटीचंही तसंच.

सुरपेटीताई, ते एका माइकभोवती सगळे उभे राहून गातात ते तुमच्याकडचेच ना? ते कसं जमवतात? मला फीडबॅकचं, म्हणजे माइक शिट्टी मारण्याचं, टेन्शन येतं नुसतं बघून.


सुरपेटी

हो, तेच. मधे एकच कंडेन्सर माइक (लांबचाही आवाज पकडणारा), आणि आवाजाची पातळी कलाकार स्वतःच्या पायांनी ठरवतो. सोलो आला की पुढे सरकायचं, झाला की खांदा तिरका करून मागे, त्यात बॅन्जोची दांडी फिडलच्या गजाला लागता कामा नये. मॉनिटर, म्हणजे कलाकारांकडे तोंड केलेले स्पीकर, जवळजवळ नसतातच त्यामुळे फीडबॅक कमी होतो. जवळून बघितलं तर फुगडीसारखं वाटतं, कुणीच कुणाला धडकत नाही. त्या कॅन्ससच्या जोडप्याने मला सांगितलं की त्यांनी हे हॉलमध्ये मधोमध झाडू उभा करून त्याच्याभोवती घोटलंय.


भटकभवानी

उन्हाळ्यातलं नाही, सप्टेंबरातलं आहे, पण विषय तोच म्हणून लिहिते. अरुणाचलातल्या झिरोला जाऊन आले. 2012 पासून होतो तो महोत्सव, लोअर सुबनसिरी जिल्ह्यात, भातशेतीच्या मधोमध. स्टेज बांबूचं, तिथल्या अपातानी जमातीच्या कारागिरांनी बांधलेलं. एक स्टेज दिवसाचं, एक रात्रीचं, नावं सूर्य-चंद्रावरनं. बाहेरच्यांना इनर लाइन परमिट (राज्यात शिरायचा परवाना) काढावं लागतं, ते आधीच काढा.

तिथे मला जे आवडलं ते असं की ईशान्येतले बँड पाहुणे नसतात, यजमान असतात. नागा, खासी, मिझो भाषांतली गाणी, ज्यांची नावं आपण कधी ऐकली नाहीत, आणि समोरची पोरं शब्दन् शब्द म्हणतायत. चिखल इतका की गमबूट गावातनं विकत घ्यावे लागले. मी एका अपातानी आजींच्या घरी उतरले होते, त्या रोज रात्री विचारायच्या आज कोण बरं गायलं, आणि मी नाव चुकीचं उच्चारलं की दुरुस्त करायच्या. मराठीत गाणारे कुणी का नाहीत असं त्यांनी विचारलं तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. शिट्टी, तुम्ही अर्ज करा.


शिट्टी

करतो. खरंच करतो. आजींना आधी सांगून ठेवा.


मेघदूत_येना

जर्मनीतलं थोडक्यात. मी येनात राहतो, तिथून रुडॉलश्टाट जवळ आहे, झाले (Saale) नावाच्या नदीच्या काठचं पंचवीस हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. जुलैच्या पहिल्या शनिवार-रविवारी इथे लोकसंगीताचा मोठा महोत्सव असतो. मूळ 1955 चा पूर्व जर्मनीतला लोकनृत्यांचा सोहळा, भिंत पडल्यावर 1991 पासून आजचं रूप आलं. वर टेकडीवर हायडेक्सबुर्ग राजवाडा, त्याच्या चौकात मैफिली, पण माझा जीव खालच्या गल्ल्यांत रमतो. बाजारचौकात, चर्चच्या मागे, लोकांच्या अंगणात कलाकार वाजवत असतात आणि तुम्ही पावाचा तुकडा हातात घेऊन एका कोपऱ्यावरनं दुसऱ्या कोपऱ्यावर जाता. घरमालक फाटक उघडं ठेवतात, कलाकारांना पाणी देतात. आमच्या मजल्यावरची बाई माहेरची रुडॉलश्टाटची, ती म्हणते लहानपणापासून त्या दिवसांत त्यांच्या घरी कधी स्वतःच्या पलंगावर झोपायला मिळालं नाही, सगळे पलंग पाहुण्यांना.


डफली_कराड

ताई, तुम्ही सुरुवातीला तंबू ओला म्हणालात. पाऊस झाला का?


सुरपेटी

झाला ना! ते लिहायचं राहिलंच. जुलैत इथे दुपारनंतर डोंगरावरनं ढग उतरतात, ठरल्यासारखे. शनिवारी चारच्या सुमाराला विजा सुरू झाल्या आणि स्टेज बंद केलं, वीज असली की कुरण रिकामं करतात, त्यात तडजोड नाही. गारा आल्या, बोराएवढ्या. आम्ही पंधरा-वीस जण एका मोठ्या ताडपत्रीखाली घुसलो, कुणी कुणाला ओळखत नव्हतं, ताडपत्रीच्या मधे पाणी साचून पोट आलेलं, एक मुलगा दर पाच मिनिटांनी काठीने ते वर ढकलायचा. कॅन्ससवाली तिथेच होती, फिडल स्वेटरमध्ये गुंडाळून पोटाशी धरलेलं. कुणीतरी म्हणालं काढ की. तिने काढलं. गारांचा आवाज इतका की स्वतःचं वाजवणं ऐकू येईना, तर सगळे आपोआप जवळ जवळ सरकले, इतके की तिचा गज माझ्या खांद्याला लागत होता. तिचं स्वतःचं गाणं होतं, तिच्या आईच्या शेतावरचं. दुसऱ्या वेळेला ध्रुवपद आलं तेव्हा सगळ्यांना पाठ झालं होतं. मी जवळ असलेल्या चाळीस डॉलरमध्ये दोन सीड्या घेतल्या, एक आमची, एक आईसाठी. आमच्याकडे आता सीडी प्लेअर नाही. गाडीत आहे, तिथे ऐकतो.

पाण्याचं निघालंच तर सांगते, मी इथे यायच्या आधी सप्टेंबर 2013 मध्ये सेंट व्रेनला महापूर आला होता. रस्ते-पूल वाहून गेले, गावाची तुकडे तुकडे बेटं झाली, महोत्सवाचं कुरण आणि इमारती पाण्याखाली. आमच्या शेजारच्या काकांनी तिथे चिखल उपसलाय, ते सांगतात की बरेच महिने गावात प्यायचं पाणी आणि राहायची घरं हाच प्रश्न होता, तरी पुढच्या जुलैत रॉकीग्रास भरलं. पूरग्रस्तांच्या मदतीला गाणारे वाजवणारे किती ठिकाणांहून आले ते काका अजून बोटांवर मोजून दाखवतात. म्हणून इथल्या लोकांना हे कलाकार परके वाटत नाहीत.


जुन्नरकर

ताई, तुमच्या त्या गोलासारखं आमच्याकडे एक आहे बघा. यात्रेच्या रात्री दहाला भोंगे बंद झाले की तमाशातले दोन-तीन जण, गावचे भजनी, बाजूच्या वाडीचा एक सनईवाला, असे देवळाच्या मागच्या ओट्यावर बसतात. माइक नाही काही नाही. कुणी गवळण काढतं, कुणी अभंग, चक्रीने. पहाटेच्या काकड्यापर्यंत. पैशाचा संबंध नाही, पण कमिटीकडनं त्या सगळ्यांना सकाळचं जेवण आणि एकेक नारळ असतो, आणि त्या ढोलकीवाल्याला आम्ही गेल्या साली वर्गणी काढून नवी ढोलकी घेऊन दिली ती तिथेच दिली.

चैत्रात यात्रा असते. भारतात असाल तर पेटी घेऊन या. शिट्टी, तुम्हीही या, गिटार चालेल, निम्मा विसार आधी पाठवतो, तुमच्या नियमाप्रमाणे. आमचा सूर काळी चार असतो.


शिट्टी

काका, ओट्यावर बसायला विसार नको. तिकीट लावलेलं नाही ना. कॅपो (गिटारची पट्टी चढवायचा चिमटा) आहे माझ्याकडे, काळी चार जमेल.


सुरपेटी

काका, एप्रिलमध्ये येणारच आहे मी, आईकडे. तारीख कळली की इथेच लिहा, मी त्याप्रमाणे तिकीट काढते. आजोबांची पेटी साताऱ्यात माळ्यावर आहे, भाता तपासून घ्यावा लागेल. आणि पहिली दोन गाणी मी नुसती ऐकेन, मग बसेन.


जुन्नरकर

तारीख पाडव्याला ठरेल. लिहितो. जेवायला किती जण ते तेवढं आधी कळवा.